एमएसच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना वेगळं प्रशिक्षण का लागतं?

सकाळी स्वतः चालत बाथरूमपर्यंत गेलेली व्यक्ती दुपारी खुर्चीतून उठू शकत नाही. घरी येणाऱ्या अटेंडंटला हा आळस वाटू शकतो. पण मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएसमध्ये, असा चढउतार आजाराचाच भाग असतो. तो ओळखता यावा, यासाठी नर्स आणि अटेंडंटना प्रशिक्षणाची गरज असते.

एमएस म्हणजे काय?

यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरील मायलिन या आवरणावरच हल्ला करते. त्यामुळे मेंदूचे संदेश अडखळतात. फ्रेंच डॉक्टर ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. तो बहुतेकदा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि महिलांमध्ये जास्त आढळतो. तो संसर्गजन्य नाही.

प्रशिक्षणात काय हवं?

थकवा: हा थकवा बाहेरून दिसत नाही आणि झोप घेतल्यावर जातोच असं नाही. त्यामुळे अंघोळ, व्यायाम आणि दवाखान्याची फेरी एकाच सकाळी उरकू नये.

उष्णता: शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी अंधुक दिसणं किंवा अशक्तपणा वाढू शकतो. कढत पाण्याची अंघोळही त्याला पुरेशी ठरते. शरीर थंड झाल्यावर हा त्रास सहसा ओसरतो.

लघवी: वारंवार जावं लागतं म्हणून अनेक रुग्ण पाणी कमी पितात. त्याने लघवीच्या संसर्गाचा धोका वाढतो आणि संसर्ग झाला की जुनी लक्षणं अचानक बळावतात. तो आजाराचा नवा झटका वाटू शकतो. म्हणून ताप किंवा लघवीतला बदल दिसताच डॉक्टरांना कळवावं.

बधिरपणा: त्वचेला संवेदना कमी असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेलंही कळत नाही. एकाच जागी बसून जखमा होऊ नयेत, यासाठी कूस बदलावी लागते. ताठरलेला हात-पाय जोर लावून ओढू नये.

भारतात काय स्थिती आहे?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे. १९८५ मध्ये मुंबईत सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी काम करते.

मात्र रुग्णाचा रोजचा दिवस सोबत असलेल्या माणसावर अवलंबून असतो. 'काल तर जमलं होतं' असं म्हणण्याऐवजी 'आज किती मदत लागेल?' असं त्याने विचारलं, तर प्रशिक्षणाचा मोठा भाग साधला.