पाच सेंटांच्या नाण्यावरची शिल्पं

शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर यांनी घडवलेलं पाच सेंटांचं नाणं १९१३ साली अमेरिकेत चलनात आलं आणि त्याच वर्षी कुणीतरी त्यावर छिन्नी चालवली. नाणी कोरणं तिथे नवं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात चांदीच्या छोट्या नाण्याची एक बाजू घासून गुळगुळीत करायची, तिच्यावर प्रिय व्यक्तीची आद्याक्षरं कोरायची आणि ते दागिन्यासारखं अंगावर मिरवायचं, अशी रीतच होती. त्यात मूळ चित्र मात्र पुसलं जाई. फ्रेझर यांच्या नाण्यावरचं चित्र पुसावंसं कुणाला वाटलं नाही. कारागिरांनी ते हाताशी धरलं.

जेमतेम २१ मिलिमीटर व्यासाचं, ५ ग्रॅम वजनाचं हे नाणं. एका बाजूला मूळनिवासी पुरुषाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बायसन. चेहरा ऐसपैस, जवळजवळ काठाला भिडलेला आणि चांगला उठावदार. कोरणाऱ्याला भरपूर धातू मिळे. केसांतली पिसं खरवडली की तिथे गोल टोपी बसते. वेणीच्या जागी कान आणि कॉलर येते, हनुवटीला दाढी फुटते. बायसनही सुटत नसे. त्याचं कासव होई, गाढव होई, हत्ती होई. कधी पाठीवर बोचकं घेतलेला भटक्या.

हा भटक्या म्हणजे होबो: मालगाडीत चोरून बसून कामाच्या शोधात गावोगाव फिरणारा मजूर. १९३३ साली, महामंदीच्या ऐन कडाक्यात, अमेरिकेत चारांतला एक कामकरी बेकार होता. पाच सेंटांत कोकाकोलाची एक बाटली येई. होबोने तेच नाणं कोरलं की त्याच्या बदल्यात त्याला जेवण किंवा रात्रीचा आसरा मिळू शके. हत्यारं म्हणाल तर खिशातला चाकू, खिळा, कानस, एखादी छिन्नी. एवढ्यावर साधलेलं हे काम वेळ घालवायचा चाळा नव्हे, अस्सल शिल्पकला आहे.

बर्ट्रम वीगंड हा त्यातला उस्ताद. नाण्यावर ‘लिबर्टी’ हा शब्द असतो. त्यातली पुढची-मागची अक्षरं खरवडून तो फक्त ‘बर्ट’ ठेवी. हीच त्याची सही! रुळांकाठच्या तळावर त्याच्या हाताखाली जॉर्ज वॉशिंग्टन ह्यूज, म्हणजे ‘बो’, तयार झाला. गुलामगिरीतून सुटलेल्या बापाचा हा मुलगा मिसिसिपीतून बाहेर पडला आणि पुढे गुरूइतकाच नावाजला गेला. १९५७ साली काम करताना छिन्नी त्याच्या हाताला लागली. मग कोरीवकामाची नजाकत उणावली, ठशांचा वापर वाढला; पण बो कोरत राहिला. १९८० साली तो फ्लोरिडात दिसला, त्यानंतर नाही.

याच कलेची एक बहीण आहे जाळीकाम. नाण्याला बारीक भोक पाडून त्यात सोनाराच्या करवतीचं पातं ओवायचं आणि आकृतीभोवतीचा धातू कापून काढायचा. कड्याच्या आत मोकळा उभा बायसन उरतो.

१९३८ साली या नाण्याचं उत्पादन थांबलं. कोरणारे थांबले नाहीत. १९९२ साली संग्राहकांनी ‘ओरिजिनल होबो निकेल सोसायटी’ स्थापन केली; निकेल म्हणजे पाच सेंटांचं नाणं. बहुतेक जुन्या नाण्यांवर सही नाही, म्हणून अभ्यासक कानाची घडण, टोपीची कड, दाढीचे फटकारे ताडून एका हाताची कामं एकत्र लावतात. एका अनाम कारागिराचे कान भुईमुगाच्या शेंगेसारखे असत, म्हणून संग्राहकांत तो ‘पीनट इअर’ याच नावाने ओळखला जातो.