फ्लॅनेलच्या तंबूतले दोन हात

माझ्या पुण्यातल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक लाकडी स्वेदनपेटी आहे. रुग्ण आत स्टुलावर बसतो, वरच्या गोल खाचेतून फक्त डोकं बाहेर राहतं. पेटीच्या बुडाशी रबरी नळी येते. तिचं दुसरं टोक कुकरला, शिट्टीच्या जागी बसवलेलं. कुकरात निरगुडीचा पाला. फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात हा पाला नव्हता, तो आजीकडून आला. वाईजवळच्या आमच्या गावी भातलावणीनंतर कुणाची कंबर धरली की आजी त्याला सुंभाच्या बाजेवर पालथं निजवायची, खाली निरगुडीच्या उकळत्या पाण्याचं पातेलं सरकवायची आणि वरून जमिनीपर्यंत घोंगडी सोडायची. घाम फुटला की घोंगडी न उचलता खालून हात घालून ती पाठ चेपायला घ्यायची. वाफ अंगात असतानाच चेपायचं, अंग गार पडल्यावर नाही, एवढा तिचा नियम.

म्हणून शेख दीन महंमदच्या तंबूविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती घोंगडीच दिसली.

दीन महंमद १७५९ मध्ये पाटण्यात जन्मला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, ते लवकर गेले. पोरगेल्या वयातच हा मुलगा गॉडफ्रे बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या मागे फौजेत शिरला आणि १७८४ मध्ये त्याच्याबरोबर आयर्लंडमधल्या कॉर्कला पोचला. तिथे त्याने जेन डेली या आयरिश मुलीशी लग्न केलं. १७९४ मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. पुढे लंडनमध्ये, हिंदुस्थानातून पैसा कमावून परतलेल्या बेसिल कोक्रेनच्या वाफस्नानगृहात त्याने काम केलं. १८१० मध्ये त्याने ‘हिंदुस्थानी कॉफी हाउस’ काढलं. साहेबांसाठी हुक्का होता, मसालेदार जेवण होतं. दोन वर्षांत दिवाळं निघालं.

पन्नाशी उलटलेला, कर्जात बुडालेला, मुलाबाळांचा बाप. आमच्याकडे अशा वयाची माणसं ‘आता काय नवीन करायचं’ म्हणत खुर्चीत बसतात. हा १८१४ मध्ये ब्रायटनला गेला. ब्रायटन तेव्हा दुखणाइतांचं गाव झालं होतं. समुद्राच्या पाण्याने व्याधी बऱ्या होतात, असं रिचर्ड रसेल या डॉक्टरने अठराव्या शतकात सांगितल्यापासून श्रीमंत लोक तिथे पाण्यात बुड्या मारायला येत. राजपुत्र जॉर्जचा घुमटांचा महालही तिथेच उभा राहत होता. बरं व्हायला आलेल्या या लोकांसाठी महंमदने १८२१ मध्ये समुद्रकाठी स्वतःचं स्नानगृह उघडलं. आज त्या जागी क्वीन्स हॉटेल आहे.

उपचार असा होता. माणसाला आधी वनस्पतींच्या वासाच्या गरम वाफेत झोपवायचं. भरपूर घाम आला की फ्लॅनेलच्या तंबूत घ्यायचं. या तंबूला बाह्या शिवलेल्या असत. मर्दन करणारा बाहेर उभा राही आणि त्या बाह्यांतून फक्त त्याचे हात आत येत. आतल्याला समोर कापड दिसे आणि अंगावर दोन हात फिरताना कळत. बायकांची बाजू जेन सांभाळायची.

या बाह्यांमागची अक्कल माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच उमगते. वाफ कातडीला लागून पाणी होते, तेव्हा साठवलेली उष्णता अंगाला देऊन टाकते. एका ग्रॅममागे ५०० कॅलरींहून अधिक. हवा आधीच ओली असल्याने घाम सुकत नाही, त्यामुळे शरीराला गार होता येत नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, आखडलेला स्नायू सैल पडतो. पण दार उघडून रुग्णाला बाहेरच्या टेबलावर आणेपर्यंत ओलं अंग झपाट्याने गार होतं आणि मिळवलेलं निम्मं निघून जातं. महंमदने वाफ न मोडता हात आत नेला. आजीने तेच घोंगडीखाली केलं होतं.

वाफेचं शास्त्र आपल्याकडे फार जुनं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय पूर्ण स्वेदाचा. अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे १३ प्रकार त्यात आहेत. नाडीस्वेदात भांड्याला नळी जोडायची आणि तिला दोन-तीन ठिकाणी बाक द्यायचा, म्हणजे वाफेचा जोर मोडतो. माझ्या रबरी नळीलाही मी तसेच बाक दिले आहेत. जेंताक स्वेदासाठी तर जलाशयाकाठी १६ अरत्नी उंचीरुंदीची गोल खोली बांधायला सांगितली आहे. भिंतीलगत ओटा, मधोमध मातीची भट्टी, भट्टीत खैराची लाकडं. आत जाणाऱ्याला बजावायचं, की घेरी आली तरी ओटा सोडू नकोस. ओट्याच्या आधारानेच दारापर्यंत ये. बाहेर आल्यावर लगेच गार पाण्याला जाऊ नकोस. ही सूचना लिहिणाऱ्याने कुणाला तरी वाफेत कोसळताना पाहिलं असणार, असं मला वाटतं.

महंमदने हे ग्रंथ वाचले होते असं मी म्हणणार नाही. तो पाटण्याच्या घराघरांत चालणारं चांपणं घेऊन गेला होता. ‘चाँपो’ म्हणजे दाब, चेप. त्यावरून इंग्रजीत ‘शाम्पू’ आला, आणि महंमदच्या काळी त्या शब्दाचा अर्थ अंग रगडणं एवढाच होता. १८२२ मध्ये त्याने आपल्या उपचारावर पुस्तक लिहिलं. संधिवात, आखडलेले सांधे, जुन्या लचका, लुळे पाय अशी दुखणी तो आपली मानायचा. आपल्याला शंकांना आणि आक्षेपांना तोंड द्यावं लागलं, हेही त्याने नोंदवलं आहे. त्याने वय दहा वर्षांनी वाढवून सांगितलं आणि वैद्यकीय शिक्षण घेतल्याचंही लिहिलं. ते खरं नव्हतं. उपचार करणाऱ्याने असं करू नये, हे माझं ठाम मत आहे. पण त्याच्या स्नानगृहाच्या दालनात बऱ्या झालेल्यांनी सोडून दिलेल्या कुबड्या टांगलेल्या असत, आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांनी त्याला आपला ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमलं होतं.

शेवटच्या वर्षांत ते स्नानगृह त्याच्या हातातून गेलं. १८५१ मध्ये तो ब्रायटनलाच वारला. पाचच वर्षांनी, १८५६ मध्ये, रिचर्ड बार्टर या डॉक्टरने कॉर्कजवळ ब्लार्नीला तुर्की धाटणीचं कोरड्या गरम हवेचं स्नानगृह बांधलं आणि इंग्लंडभर त्याचीच लाट आली. शाम्पू हा शब्द हळूहळू डोक्यावर गेला, मग बाटलीत. त्यातले हात लोक विसरले. आपल्याकडे चौपाटीवर ‘चंपी’ म्हणून ओरडणाऱ्यापाशी ते अजून शिल्लक आहेत.

या घराण्याची गोष्ट तिथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला अधिक जवळचा आहे. महंमदचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद १८४९ मध्ये ब्रायटनला जन्मला आणि लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाला. नाडीचे ठोके कागदावर उमटवणारं यंत्र त्याने सुधारलं. मूत्रपिंडाचा आजार दिसत नसलेल्या माणसांतही रक्ताचा दाब चढलेला असू शकतो, हे त्याने १८७०च्या दशकात दाखवलं. १८८४ मध्ये विषमज्वराने तो गेला, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

मी नवीन असताना एका दवाखान्यात नोकरीला होते. साठीच्या एका बाईंना गुडघ्यासाठी वाफेच्या खोलीत बसवलं. त्या रक्तदाबाची गोळी घेत होत्या. मी विचारलं नव्हतं. दहा मिनिटांनी उठल्या आणि माझ्या अंगावर कोसळल्या. वाफेने रक्तवाहिन्या फुललेल्या, गोळीने दाब आधीच उतरलेला, त्यात झटकन उभं राहणं. पाय वर करून निजवल्यावर त्या सावरल्या. त्यांचा पांढरा पडलेला चेहरा मला अजून दिसतो. ओटा सोडू नकोस, हे मी त्यांना सांगायला हवं होतं.

तेव्हापासून पेटीच्या खुंटीला रक्तदाबाचा पट्टा टांगलेला असतो. आधी नातवाचं काम, मग आजोबांचं. पट्टा दंडाला गुंडाळते, आकडा वहीत लिहिते, गोळ्या विचारते, पाण्याचा पेला हातात देते, मगच झाकण लावते. गेल्या वर्षी सुताराला बोलावून पेटीच्या दोन्ही बाजूंना खांद्याच्या उंचीवर गोल भोकं पाडून घेतली आणि त्यांना जाड सुती बाह्या शिवल्या. सुताराने विचारलं, “ताई, हे कशाला?” मी त्याला बाह्यांत हात घालायला लावले. आतल्या वाफेत माझा सहायक बसला होता. सुताराने त्याचा खांदा चाचपला, जरा दाबला आणि म्हणाला, “मऊ झालाय की.”