अल्सेशियनवरची बंदी

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याचे पत्र राज्यांना धाडले. मी ती यादी परदेशांतल्या जुन्या याद्यांशेजारी ठेवून वाचली. खोडच ती. जर्मन शेफर्ड, म्हणजे आपला अल्सेशियन, तीत नव्हता. ‘वुल्फ डॉग’ मात्र होता. या दोन नावांचे नाते जुने आहे.

१८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातल्या माजी अधिकाऱ्याने मेंढ्या राखणाऱ्या जर्मन कुत्र्यांतून ही जात बांधायला घेतली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात ‘जर्मन’ या शब्दाचाच विटाळ होऊ लागला, तेव्हा तिथल्या केनेल क्लबाने नवे नाव दिले : ‘अल्सेशियन वुल्फ डॉग’. जर्मनपण झाकले, पण लांडगा चिकटला. पुढे ‘वुल्फ डॉग’ गाळले, तरी व्हायचे ते होऊन गेले होते.

ऑस्ट्रेलियात लोकर म्हणजे देशाची तिजोरी. हा लांडग्याच्या रक्ताचा कुत्रा रानातल्या डिंगोशी संकर करील आणि कळप फाडणारी अवलाद निपजेल, अशी धास्ती मेंढ्यांच्या मालकांनी घेतली. १९२९ मध्ये आयातबंदी आली. साऊथ ऑस्ट्रेलियाने तर १९३४ मध्ये खास ‘अल्सेशियन डॉग्ज अ‍ॅक्ट’ केला. धनगराचा राखणदारच मेंढ्यांचा वैरी ठरला! आयातबंदी उठायला १९७० चे दशक उजाडले. दरम्यान देशोदेशीचे पोलीस हाच कुत्रा पदरी बाळगत होते.

यावरून सगळ्याच बंद्या वेडगळ ठरवणे मला पटत नाही. मे १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड शहरात सहा वर्षांच्या मुलीवर पिट बुलने भयंकर हल्ला केला, तेव्हा सरकारने काहीच करू नये असे कोण म्हणेल? गृहमंत्री केनेथ बेकर यांनी घाईघाईने आणलेला कायदा ऑगस्टमध्ये लागूही झाला. पण पिट बुलला ब्रिटिश केनेल क्लबाची मान्यताच नव्हती. मग वंशावळीचे कागद कुठले? म्हणून कायद्यात ‘जाती’ऐवजी ‘प्रकार’ हा शब्द आला, आणि डोके, छाती, पाय यांची ठेवण पाहून निवाडे होऊ लागले. आपला कुत्रा त्या प्रकारचा नाही, हे मालकाने सिद्ध करायचे. गुन्हा शाबीत झाला की न्यायालयाला कुत्रा मारण्याचा आदेश द्यावाच लागे, मग त्याने कुणाला ओरखडाही काढलेला नसो. १९९७ च्या दुरुस्तीने न्यायाधीशांना थोडी मोकळीक दिली.

‘प्रकार’ हा शब्द पुढे फिरत राहिला. आयर्लंडच्या १९९८ च्या नियमांत ‘बॅनडॉग म्हणून सर्वसाधारणपणे ओळखल्या जाणाऱ्या प्रकारचा प्रत्येक कुत्रा’ असे शब्द आहेत. (तिथे त्या कुत्र्यांवर बंदी नव्हती, मुसके आणि आखूड साखळीची सक्ती होती, आणि त्या यादीत अल्सेशियनही होता.) आपल्या तेवीसांच्या यादीचा शेवट जवळजवळ याच शब्दांनी होतो. योगायोग म्हणायला माझी जीभ वळत नाही. आपल्याकडे चावणारी बहुतेक कुत्री गल्लीतली, बिनजातीची. त्यांना ही यादी कुठे गाठणार?

१० एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केले. ज्यांचा या विषयाशी संबंध, त्यांचे म्हणणे सरकारने ऐकूनच घेतले नव्हते.