तळटीप : काळ्या रानातली पांढरी ‘पिल्ले’

* गोमेची पिल्ले : छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या काळ्या रानातल्या ज्या पांढऱ्या, बिनडोळ्यांच्या जीवांना लेखकाने येथे ‘गोमेची पिल्ले’ म्हटले आहे, ते वर्णनावरून सिम्फायला या गटातले दिसतात. हा गट गोम आणि वाणी यांच्या नात्यातला. त्यात स्क्युटिजेरेलिडी व स्कोलोपेंड्रेलिडी अशी दोन कुळे असून दुसऱ्या कुळातले जीव अधिक लहान, सहसा ५ मिलिमीटरच्या आतले. प्रौढाला पायांच्या १२ जोड्या असतात. गोमेसारख्या विषारी नख्या मात्र नसतात. त्यांना माती उकरता येत नाही. भेगा, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या आणि गांडुळांची बिळे यांतूनच ते फिरतात. वरचा थर वाळला की खाली उतरतात. बहुतेक जाती कुजका पाला व बुरशी खातात. स्क्युटिजेरेला इमॅक्युलाटा ही जात मात्र कोवळी मुळे कुरतडते. तिचा माग घ्यायचा तर ओल्या मातीवर अर्धा कापलेला बटाटा पालथा घालून झाकून ठेवतात आणि एक-दोन दिवसांनी उचलून पाहतात. शेतकरी वाचकांना विनंती : हे जीव नुसते दिसले म्हणून औषध ओतू नये, आधी रोप उपटून मुळे तपासावीत.
– संपादक