जागा, आडनाव आणि शेवटची लोकल

दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. नवे कपडे, अत्तराचा घमघमाट, गणेश मंदिरातलं दर्शन आणि मग ओळखीची एक नजर शोधत रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. ठाण्यात हेच राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला चालतं. इथेच एकमेकांना पहिल्यांदा पाहिलेली किती जोडपी आज आपल्या मुलांना त्याच गर्दीत सोडून घरी फराळाचं ताट मांडत असतील! हलक्याफुलक्या प्रेमकथेचा पहिला प्रवेश असा आयता वाढून ठेवलेला आहे. पण या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला ज्या नाटकांनी, मालिकांनी आणि चित्रपटांनी वर्षानुवर्षं हसवलं, त्यांत हा रस्ता फारसा दिसत नाही. असं का झालं, याला एक इतिहास आहे आणि तो जागेच्या प्रश्नापासून सुरू होतो.

1970 साली राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ आला. नवं लग्न झालेलं जोडपं आणि चाळीतलं माणसांनी भरलेलं घर. दोघांना एकमेकांशी निवांत बोलायला कोपरा मिळत नाही, एवढंच कथेचं बीज. अरुण सरनाईकांच्या या चित्रपटात खलनायक नाही, अडथळा फक्त भिंतींचा. दोनच वर्षांत बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत ‘पिया का घर’ केला. लोक खळखळून हसले, कारण गोष्ट त्यांच्या घरातली होती. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी गोठवली होती, भाड्याने द्यायला नवी घरं बांधणं कुणाला परवडेना आणि पागडीचा आकडा नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेला होता. गिरगाव, दादर, लालबाग इथल्या खोल्यांतून लग्नाला आलेला धाकटा भाऊ बाहेर पडला तो मध्य रेल्वेच्या गाडीत बसून ठाण्याला, डोंबिवलीला, कल्याणला उतरला. सहकारी सोसायटीतलं दोन खोल्यांचं घर, स्वतःच्या नावावर. ही उपनगरं वाढण्याची कारणं पुष्कळ होती, पण नव्या जोडप्याला दार लावून घेता यावं ही त्यातली अगदी जिव्हाळ्याची गरज होती.

म्हणून त्या काळच्या चांगल्या विनोदी प्रेमकथा जागेभोवती फिरतात. ‘घरौंदा’ (1977) विनोदी नव्हता, पण अमोल पालेकर आणि झरीना वहाब यांचं प्रेम त्यात फ्लॅटच्या हप्त्यापाशीच अडतं. 1988 च्या ‘अशी ही बनवाबनवी’त भाड्याच्या खोलीसाठी दोन पुरुषांना लुगडं नेसावं लागतं. हा चित्रपट ‘बीवी और मकान’ या 1966 च्या हिंदी चित्रपटावर बेतलेला, पण वसंत सबनीसांनी तो असा मराठी केला की मूळ कुणाला आठवू नये. आजही टीव्हीवर लागला की घरातली चार माणसं हातातलं काम सोडून बसतात. त्यात लक्ष्मीकांत बेर्डेंची करामत आहेच. पण सगळ्या सोंगाच्या मुळाशी राहायला जागा नसणं आहे, आणि ती अडचण खरी होती. म्हणून ते सोंगही पटतं.

ही माणसं इकडे राहायला आली तेव्हा नाटक मात्र मुंबईतच राहिलं होतं. दादरचं शिवाजी मंदिर 1965 पासून उभं होतं. डोंबिवलीकराने तिथला रात्रीचा प्रयोग पाहायचा म्हणजे तिसऱ्या अंकात एक डोळा रंगमंचावर आणि दुसरा घड्याळावर. शेवटची लोकल चुकली तर रात्र फलाटावर. 1978 साली मासुंदा तलावाच्या काठी राम गणेश गडकरी रंगायतन उघडलं आणि ठाणेकराची ही धावपळ थांबली. पुढे कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आलं. डोंबिवलीला सावित्रीबाई फुले नाट्यगृहासाठी एकविसाव्या शतकापर्यंत थांबावं लागलं. व्यावसायिक नाटक या पट्ट्यात रुजलं ते या रंगमंचांमुळे.

आणि इथे साचा पक्का झाला. 1998 साली श्रीरंग गोडबोले यांचं ‘एका लग्नाची गोष्ट’ आलं. मंगेश कदम यांचं दिग्दर्शन, प्रशांत दामले आणि कविता लाड यांची जोडी. या नाटकाने किती घरांना एकत्र तिकीट काढायला लावलं! दर्शनी भागात सोफा, एका बाजूला स्वयंपाकघराचं दार, दुसऱ्या बाजूला जिना, मध्ये फोन. तो थोडा गोंधळलेला, ती थोडी हट्टी. एक गैरसमज, एक काका किंवा मावशी, मध्यंतर, गाणं, खुलासा, पडदा. तिकिटांचा प्लॅन उघडला की पुढच्या रांगा आधी जातात त्या अशाच नाटकाच्या.

या साच्यावर नाक मुरडणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. रोजचे तीन तास लोकलमध्ये घालवणाऱ्या माणसाला रविवारी दुपारी काय हवं असतं, हे त्या नाटककारांना नेमकं ठाऊक होतं. आजी, सून आणि नात एका रांगेत बसून मान खाली न घालता हसू शकतील असं दोन-अडीच तासांचं काम रचणं हे सोपं कौशल्य नव्हे. संवादाची लय एका शब्दाने चुकली तर हशा पडत नाही, आणि हशा संपायच्या आत पुढचं वाक्य टाकलं तर तेही वाया जातं. प्रशांत दामले यांनी 2022 साली नाट्यप्रयोगांचा 12,500 चा टप्पा गाठला. हा आकडा प्रेक्षक पुन्हा पुन्हा आला म्हणून झाला, आणि त्यात ठाण्या-डोंबिवलीच्या शनिवार-रविवारचा वाटा मोठा. शिवाय या नाटकांतली मोठी माणसं क्रूर नसतात, मुलगी तोंड उघडून बोलते, तिच्या पसंतीला किंमत असते. बघण्याच्या कार्यक्रमात खाली मान घालून कांदेपोह्यांची बशी पुढे केलेल्या बायकांनी हे पाहिलं तेव्हा त्यांना नुसती गंमत वाटली नाही, दिलासाही मिळाला.

उणीव सुरू झाली ती वेगळ्या ठिकाणी. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने 2010 साली दोन माणसांच्या गप्पांवर अख्खा चित्रपट तोलून दाखवला. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी एका दिवसात एकमेकांना ओळखतात, आणि ते ताजं होतं. पाठोपाठ 2012 मध्ये ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ ही मालिका आली, 2013 मध्ये ‘होणार सून मी ह्या घरची’. घोडबंदर रोडच्या बाजूला मालिकांचे सेट उभे राहिले, ठाण्यातल्या कितीतरी तंत्रज्ञांच्या चुली त्यावर पेटल्या. पण पडद्यावरचं घर बघता बघता बंगल्याएवढं झालं. सकाळची 7:48 ची लोकल गाठायला धावणारी नायिका त्यात उरली नाही. ज्या प्रेक्षकाने दोन खोल्यांसाठी वीस वर्षं कर्ज फेडलं, त्याच्यासमोर रोज रात्री दिवाणखान्यातल्या जिन्यावरून उतरणारं कुटुंब आलं. जागेचा अडथळा गेला आणि त्याच्या जागी उरला फक्त गैरसमज. एका फोनने मिटावा असा गैरसमज तीनशे भाग ताणायचा, तर माणसांना मूर्ख ठरवण्याला पर्याय राहत नाही.

गैरसमजाचं सूत्र जुनं आहे, त्यात वाईट काही नाही. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ 1916 मध्ये संगीत रूपात रंगमंचावर आलं, तेही मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनावरून. पण त्यातली रेवती नायकिणीच्या घरातली आहे आणि अश्विनशेठला तिच्याशी लग्न करायचं आहे. हसवता हसवता देवलांनी समाजाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. शंभर वर्षांनंतरची आपली नायिका आणि नायक बहुतेक वेळा एकाच थरातले, जवळपासच्या आडनावांचे. अडचण येऊच नये अशी सोय लेखकाने आधीच करून ठेवलेली. रवी जाधव यांच्या ‘टाईमपास’ने (2014) निदान दगडू परब आणि प्राजक्ता लेले यांना समोरासमोर आणलं, पण त्या दोन आडनावांमधलं अंतर चित्रपट गरिबी आणि संस्कार यांच्या भाषेत सांगतो. जातीचं वास्तव समोर ठेवून प्रेमकथा शेवटपर्यंत नेण्याचं धाडस 2016 मध्ये नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’मध्ये केलं, तेव्हा विनोद अर्ध्या वाटेवर थांबला.

बाईचा दिवसही असाच निसटला. कल्याण लोकलच्या महिला डब्यात संध्याकाळी मटार सोलणाऱ्या, पालेभाजी निवडणाऱ्या, बाजूलाच बांगडीवालीशी घासाघीस करणाऱ्या, मैत्रिणीच्या डोहाळजेवणाची वर्गणी काढणाऱ्या बायका हा विनोदाचा केवढा साठा आहे! प्रेम जमल्यावर भाजी कोण निवडणार, हा प्रश्न साच्यातल्या कथेला पडत नाही, कारण ती मंगलाष्टकांपाशी संपते. डोंबिवलीचं नाव चित्रपटात गाजलं ते 2005 च्या ‘डोंबिवली फास्ट’मधल्या माधव आपटेच्या संतापाने आणि 2022 मध्ये ‘झोंबिवली’तल्या भयाने. शहराचा राग दिसला, भीती दिसली. इथल्या प्रेमाला मात्र इथल्याच पत्त्याची गोष्ट अजून हवी आहे.

लिहिणाऱ्यांनी फार लांब जायला नको. कल्याणचं नाट्यगृह अत्र्यांच्या नावाचं, आणि अत्र्यांनी 1936 मध्ये ‘लग्नाची बेडी’ लिहून लग्नसंस्थेलाच हसत हसत जाब विचारला होता. डोंबिवलीचं नाट्यगृह ज्यांच्या नावाचं, त्या सावित्रीबाईंनी 29 ऑगस्ट 1868 रोजी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतली मुलगी यांचं प्रेम जमलं होतं, ती गरोदर होती आणि गावकरी दोघांना मारायला निघाले होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांचे जीव वाचवले. त्यांच्या नावाच्या रंगमंचावर शनिवारी दुपारी गणेश आणि सारजाच्या आजच्या पणतवंडांची हसरी गोष्ट व्हावी: आडनावासकट, कर्जाच्या हप्त्यासकट, चुकलेल्या लोकलसकट. नाटककारांनो, ती लिहा. तिकीट काढायला डोंबिवलीकर रांगेत उभा राहील.