महेश्वरी उद्यानातील एक ओळख

लैंगिक अल्पसंख्याकांच्या लढ्याचा इतिहास म्हटला की न्यायालये आठवतात. माटुंग्याचे महेश्वरी उद्यान सहसा आठवत नाही.

ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे बालपण दम्याने ग्रासलेले, नृत्यात रमणारे आणि चिडवण्याने कोमेजलेले होते. इंटरनेट नव्हते, कलम ३७७ मात्र होते. आपल्यासारखे आणखी कोणी आहे का, हे घरात विचारण्याची सोय नव्हती. शालेय वयातच त्यांनी ही बाग गाठली. तेथे भेटले पत्रकार अशोक राव कवी. तुझ्यात विकृत काही नाही, शिक्षण पूर्ण कर, असे त्यांनी बजावले. याच कवींनी १९९० मध्ये काढलेल्या नियतकालिकाचे नाव ‘बॉम्बे दोस्त’. ‘दोस्त’ हा शब्द उगीच आलेला नसावा.

पुढे शबिनाशी मैत्री झाली आणि तिच्यामुळे हिजडा समाजाची वाट सापडली. लतागुरूंचे शिष्यत्व मिळाले, ‘लक्ष्मी’ ही ओळख पक्की झाली. येथे एक भेद जपायला हवा: लक्ष्मी समलिंगी पुरुष नव्हेत, तृतीयपंथी आहेत. स्वतःसाठी नेमका शब्द सापडायला त्यांना दोन मैत्री लागल्या.

आईवडिलांनी त्यांना घराबाहेर काढले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नाल्सा’ खटल्यात तृतीय लिंगास मान्यता दिली. त्या खटल्यात लक्ष्मी स्वतः पक्षकार होत्या.