नगरच्या पॅटनची कुळकथा

पुण्याकडून शनिशिंगणापूरला जाणाऱ्यांची वाट अहिल्यानगरवरून जाते. तिथल्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन उभा आहे. लोक त्याच्याकडे विजयाची खूण म्हणून पाहतात, आणि ते रास्तच आहे. पण हा रणगाडा भारताविरुद्ध लढण्यासाठी जन्मलाच नव्हता. त्याला जन्म दिला कम्युनिझमच्या भयाने. १९४९ मध्ये चीन माओच्या हाती गेला आणि २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाचं सैन्य सोव्हिएत बनावटीचे टी-३४ रणगाडे घेऊन दक्षिणेत घुसलं. अमेरिकेने तातडीने एम-४६ पॅटन कोरियात धाडले, पाठोपाठ घाईघाईने एम-४७ आणि मग एम-४८ घडवला. हे भय निराधार होतं, असं म्हणता येणार नाही. कोरियातलं आक्रमण खरंच झालं होतं. चूक पुढे झाली. जगातल्या प्रत्येक सीमेवर हीच लढाई चालू आहे, असं वॉशिंग्टनने गृहीत धरलं.

१९ मे १९५४ च्या लष्करी मदत कराराने पाकिस्तान या कम्युनिझमविरोधी फळीत ओढला गेला. त्याच वर्षी सीटो हा लष्करी गट आणि पुढच्या वर्षी बगदाद करार आला. अमेरिकेला तिथे सोव्हिएत संघाविरुद्धचा बुरूज हवा होता. पाकिस्तानला मात्र मॉस्कोची नव्हे, दिल्लीची धास्ती होती, आणि शस्त्र शेवटी ज्याच्या हाती असतं त्याच्याच धास्तीप्रमाणे वळतं. हे तेव्हा कुणाला कळलं नव्हतं असंही नाही. शीतयुद्ध आपल्या दाराशी येत आहे, असं नेहरू सांगत होते. आयझेनहॉवर यांनी २४ फेब्रुवारी १९५४ च्या पत्रात त्यांना आश्वासन दिलं, की या मदतीचा आक्रमणासाठी गैरवापर झाला तर तो आपण रोखू. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानचे पॅटन पंजाबातल्या खेमकरणमध्ये शिरले तेव्हा ते आश्वासन कागदावरच राहिलं. नेवासे तालुक्यातल्या वाचकाला उसाचं उभं रान कसं माणूस गिळतं हे सांगायला नको. खेमकरणजवळच्या असल उत्तर गावच्या तशाच उसात भारतीय रणगाडे आणि तोफा दबा धरून बसल्या, पाणी सोडून शेतं दलदल केली गेली आणि ८ ते १० सप्टेंबरच्या लढाईत, भारतीय नोंदींनुसार, ९७ पाकिस्तानी रणगाडे गेले. त्यांत बहुतेक पॅटन होते. त्याच वर्षी मार्चमध्ये, कम्युनिझमच्या त्याच भयापोटी, याच घराण्यातले एम-४८ अमेरिकन मरीन सैनिकांसह व्हिएतनामच्या दा नांगला उतरले होते.

१९६२ च्या चीन युद्धानंतर अमेरिकेने भारतालाही शस्त्रं दिली, मग दोष कशाचा, असा आक्षेप येईल. पण तीही मदत कम्युनिस्ट चीनच्या धास्तीनेच आली. १९६४ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण वॉशिंग्टनला गेले तेव्हा त्यांनी मागितलेली एफ-१०४ विमानं मिळाली नाहीत, कारण अमेरिकेला पाकिस्तान या दुसऱ्या मित्राला दुखवायचं नव्हतं. दोन्ही शेजाऱ्यांना एकाच भयापोटी हत्यारं देणारा देश त्यांच्या भांडणाबाहेर राहूच शकत नव्हता. अखेर सप्टेंबर १९६५ मध्ये त्याने दोघांचीही लष्करी मदत थांबवली. त्यानंतर पाकिस्तानने रणगाड्यांसाठी चीनकडे हात पसरला, आणि १९७१ मध्ये भारतीय सैन्यासमोर पॅटनच्या जोडीला चिनी बनावटीचे टाइप-५९ उभे होते.